मॉरमॉनच्या तीन माद्या आणि एक जनुक

कढीपत्ता, लिंबू किंवा बेल यांपैकी एखादे झाड घराजवळ असेल, तर कॉमन मॉरमॉन या फुलपाखराचे तिथे येणे-जाणे असतेच. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी त्याची लहान अळी पानावर उघड्यावर बसलेली असूनही बहुतेकांच्या नजरेतून निसटते, आणि ती हिरवी होऊन पाने फस्त करू लागली की मगच तिची दखल घेतली जाते. या जातीचा नर ओळखायला सोपा आहे: काळे पंख आणि मागच्या पंखांवर पांढुरक्या ठिपक्यांची एक आडवी ओळ. मादीचे मात्र तसे नाही. भारतात या जातीच्या माद्या तीन रूपांत आढळतात. 'सायरस' हे रूप जवळजवळ नरासारखेच असते. 'स्टिचियस' या रूपात मागच्या पंखाच्या मधोमध पांढरा डाग असतो आणि कडेने लाल चंद्रकोरी असतात. ही मादी कॉमन रोझ या वेगळ्याच फुलपाखरासारखी दिसते. 'रोम्युलस' या तिसऱ्या रूपात मागच्या पंखांवर लाल ठिपके आणि पुढच्या पंखांवर फिकट पट्टे असतात. ही मादी क्रिमसन रोझसारखी दिसते. एकाच जातीच्या, एकाच बागेत उडणाऱ्या, कित्येकदा एकाच आईच्या या मुली, आणि तरीही त्यांचे पंख इतके वेगळे कसे, या प्रश्नाने जीवशास्त्रज्ञांना दीडशे वर्षांहून अधिक काळ गुंतवून ठेवले आहे.

हा गोंधळ किती खोल होता हे नावांच्या इतिहासावरून कळते. सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने 1758 मध्ये या फुलपाखराच्या नराला आणि लाल ठिपक्यांच्या मादीला दोन स्वतंत्र जाती समजून दोन नावे दिली होती. आल्फ्रेड रसेल वॉलेस मलय द्वीपसमूहात फिरून परतल्यावर त्याने 1865 मध्ये तिथल्या पॅपिलिओ कुळातील फुलपाखरांवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, आणि या निरनिराळ्या दिसणाऱ्या माद्या एकाच जातीच्या असून त्यांचा नर एकच आहे, हे त्यात त्याने मांडले. तीन वर्षांपूर्वीच, म्हणजे 1862 मध्ये, हेन्री बेट्सने ॲमेझॉनच्या खोऱ्यातील निरीक्षणांवरून नकलेचा सिद्धान्त सांगितला होता: खाण्याजोगे फुलपाखरू बेचव किंवा विषारी फुलपाखरासारखे दिसू लागले, तर विषारी फुलपाखरू खाऊन एकदा पस्तावलेला पक्षी त्यालाही टाळतो. मॉरमॉनच्या माद्यांना हे चपखल लागू पडत होते. कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ या दोघांच्या अळ्या सापसणीच्या कुळातील वेलींवर वाढतात, त्या वेलींमधील विषारी द्रव्ये आपल्या अंगात साठवतात आणि प्रौढ झाल्यावरही ती बाळगून असतात. कढीपत्त्यावर वाढलेल्या मॉरमॉनकडे असे काही नसते. तिच्याकडे असतो तो फक्त पंखांवरचा देखावा.

मग नरांनी आणि सगळ्याच माद्यांनी हा देखावा का घेतला नाही? याची दोन उत्तरे मला पटतात. पहिले असे की नकलेचा फायदा नक्कल करणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. नकली फुलपाखरे फार झाली, तर पक्ष्यांना लाल ठिपक्यांचा वाईट अनुभव येण्याऐवजी चांगलाच अनुभव येऊ लागतो आणि संरक्षण ओसरते. त्यामुळे एकच रूप सगळीकडे पसरत नाही. दुसरे असे की माद्यांवर शिकारी पक्ष्यांचे हल्ले अधिक होतात, हे पंखांवर राहिलेल्या चोचीच्या खुणांवरून झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. अंड्यांच्या वजनाने जड झालेल्या आणि अंडी घालण्यासाठी पानापानावर रेंगाळणाऱ्या मादीला संरक्षणाची गरज जास्त, हा तर्क वॉलेसनेही केला होता. क्रिमसन रोझ हे मुख्यतः भारत आणि श्रीलंकेतले फुलपाखरू आहे, आणि त्याची नक्कल करणारी रोम्युलस मादीही याच प्रदेशात सापडते. जपानच्या दक्षिणेकडील मियाको बेटावर कॉमन रोझ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊन स्थिरावले, आणि त्यानंतर तिथल्या मॉरमॉनमध्ये नक्कल करणाऱ्या माद्यांचे प्रमाण वाढत गेले. नैसर्गिक निवड माणसाच्या एका आयुष्यात डोळ्यांसमोर घडताना क्वचितच इतकी स्पष्ट दिसते.

पण निवड कशाची होते, म्हणजे अंड्यातून पुढच्या पिढीकडे नेमके काय जाते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे पहिले पक्के उत्तर श्रीलंकेत मिळाले. जे. सी. एफ. फ्रायर या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने तिथे या फुलपाखराची पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली, प्रत्येक मादीची वंशावळ नोंदवून ठेवली आणि 1913 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात येऊन तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. माद्यांची रूपे एकमेकांत मिसळून मधलेच काही तयार होत नाही, ती मेंडेलच्या वाटाण्यांप्रमाणे सुटी सुटी वारशाने जातात, आणि नराच्या पंखांवर काहीही दिसत नसले तरी तोही ही जनुके बाळगून असतो व मुलींना देतो, हे फ्रायरच्या नोंदींतून सिद्ध झाले. पुढे 1972 मध्ये सिरिल क्लार्क आणि फिलिप शेपर्ड या लिव्हरपूलच्या जोडीने अधिक संकर करून सगळा हिशेब एकाच जागी आणला. एका गुणसूत्रावरच्या एकाच ठिकाणी जनुकाची निरनिराळी रूपे असतात. त्यांत रोम्युलसचे रूप स्टिचियसवर प्रभावी ठरते आणि स्टिचियसचे रूप सायरसवर.

या नियमातून जे निघते ते कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. समजा, आई सायरस आहे. म्हणजे तिच्याकडे जनुकाच्या दोन्ही प्रती साध्या, अप्रभावी रूपाच्या आहेत. तिचा जोडीदार इतर कोणत्याही नरासारखाच काळा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा आहे, पण त्याच्याकडे एक प्रत रोम्युलसची आणि एक स्टिचियसची आहे. त्यांच्या मुलींपैकी निम्म्या रोम्युलस होतील, निम्म्या स्टिचियस, आणि आईसारखी एकही होणार नाही. आता दुसरी जोडी घ्या: आईकडे एक प्रत रोम्युलसची व एक साधी, आणि बापाकडे एक स्टिचियसची व एक साधी. त्यांच्या चार मुलींमागे सरासरी दोन रोम्युलस, एक स्टिचियस आणि एक सायरस निघेल, म्हणजे एकाच घरात तिन्ही रूपे. मुलगे मात्र दोन्ही घरांत सारखेच दिसतील. माझ्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावरच्या अळ्या मी काही वर्षांपासून वाढवतो आहे, आणि एकाच फांदीवरून उचललेल्या अळ्यांतून सायरस व स्टिचियस अशा दोन्ही माद्या निघालेल्या मी पाहिल्या आहेत. त्या सख्ख्या बहिणी होत्या असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण त्या फांदीवर एकाहून अधिक माद्यांनी अंडी घातलेली असू शकतात; पण सख्ख्या असत्या तरी त्यात नवल काहीच नव्हते.

एकाच ठिकाणचे जनुक इतके सगळे कसे बदलते, ही पुढची अडचण होती. नक्कल म्हणजे केवळ एक लाल ठिपका नव्हे. डागाची जागा, आकार, रंग आणि कडेच्या चंद्रकोरी हे सगळे एकाच वेळी जुळून यावे लागते. अर्धवट जुळलेले फुलपाखरू ना स्वतःसारखे दिसते ना रोझसारखे, आणि पक्ष्याच्या चोचीत जाते. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यावर 'सुपरजीन' ही कल्पना पुढे आली: पंखांच्या निरनिराळ्या भागांवर काम करणारी अनेक जनुके गुणसूत्रावर एकमेकांना अगदी खेटून बसलेली असावीत आणि त्यामुळे ती संचाने वारशाला जात असावीत. क्लार्क आणि शेपर्ड या कल्पनेचे खंदे पुरस्कर्ते होते, आणि मॉरमॉनच्या नात्यातल्या पॅपिलिओ मेम्नॉन या आग्नेय आशियाई फुलपाखरावरील त्यांच्या प्रयोगांमुळे तिला बळ मिळाले. या क्लार्कबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ते पेशाने डॉक्टर होते, फुलपाखरे हा त्यांचा छंद होता, आणि फुलपाखरांतील सुपरजीनचा विचार करताना त्यांचे लक्ष माणसाच्या आऱ्हेच रक्तगटाकडे वळले. आऱ्हेच निगेटिव्ह आईच्या रक्तात आऱ्हेच पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन पुढच्या बाळाचा जीव धोक्यात येतो. तो धोका टाळणारे अँटी-डी इंजेक्शन ज्या संशोधनातून आले, त्यात 1960 च्या दशकातील लिव्हरपूलच्या क्लार्क यांच्या चमूचा मोठा वाटा होता. आज आपल्याकडच्या प्रसूतिगृहांतही हे इंजेक्शन दिले जाते. फुलपाखरांचा अभ्यास कशासाठी करायचा, असे विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

सुपरजीनच्या आत प्रत्यक्षात काय आहे, हे पाहण्याची साधने क्लार्क-शेपर्ड यांच्याकडे नव्हती. ते 2014 मध्ये 'नेचर' नियतकालिकातून जगापुढे आले, आणि त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते कृष्णमेघ कुंटे. पुण्याच्या परिसरातल्या सह्याद्रीत फुलपाखरांचा अभ्यास करून या क्षेत्रात आलेले कुंटे आता बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात काम करतात. शिकागो विद्यापीठातील मार्कस क्रॉनफॉर्स्ट यांच्या चमूसह त्यांनी नकली आणि साध्या माद्यांचे संकर केले, संततीतील प्रत्येक मादीचे रूप तिच्या डीएनएशी ताडून पाहिले आणि शोधाचे क्षेत्र कमी कमी करत काही मोजक्या जनुकांपर्यंत आणले. तिथे पंखांचे रंग ठरवणाऱ्या जनुकांची माळ सापडेल अशी अपेक्षा होती. अनेक माद्यांच्या डीएनएची तुलना केल्यावर उरले ते मुख्यतः एकच जनुक, आणि तेही पंखांशी संबंध नसलेल्या कामासाठी प्रसिद्ध असलेले: डबलसेक्स.

डबलसेक्स हे फळमाशीत फार पूर्वीपासून माहीत असलेले जनुक आहे, आणि कीटकाचे शरीर नराचे घडायचे की मादीचे, हे ठरवण्यात त्याचा निर्णायक भाग असतो. त्याची काम करण्याची पद्धत मोठी सुंदर आहे. नरात आणि मादीत जनुक तेच असते, पण त्यावरून निघालेला संदेश दोघांत वेगवेगळ्या ठिकाणी कापून जोडला जातो, त्यामुळे नराचे प्रथिन वेगळे आणि मादीचे वेगळे तयार होते. ही प्रथिने पुढे इतर जनुकांना चालू किंवा बंद करतात. म्हणजे नर आणि मादी यांना वेगळे वागवण्याची व्यवस्था या जनुकात आधीपासून होतीच. नकलेने ती आयती वापरली. शंभर वर्षे कोडे वाटत आलेली गोष्ट, म्हणजे नर जनुक बाळगतो पण दाखवत नाही, ती या एका माहितीने बरीचशी उलगडते. नकलेचे जनुकरूप नराकडेही असते, परंतु त्याच्यात त्याचा मादीचा संदेश तयारच होत नाही. नकली मादीच्या कोषावस्थेतील पंखांत मात्र हे जनुक जोरात चालू असते.

जनुक सापडले म्हणजे त्याचे काम सिद्ध झाले असे नव्हे, आणि ते सिद्ध करण्याचे काम 2015 मध्ये टोकियोच्या हारुहिको फुजिवारा यांच्या चमूने केले. तो प्रयोग मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अळीने नुकताच कोष केला की आत पंख एखाद्या पातळ पापुद्र्यासारखे असतात आणि त्यांवरचे खवले अजून रंगलेले नसतात. नकली मादीच्या कोषात, फक्त एका बाजूच्या मागच्या पंखापाशी, डबलसेक्सच्या नकली रूपाचा संदेश नष्ट करणारे आरएनएचे लहान तुकडे टोचायचे आणि विजेचे हलके झटके देऊन ते त्या पंखाच्या पेशींत शिरवायचे. दुसरी बाजू तशीच सोडायची. काही दिवसांनी फुलपाखरू बाहेर पडते तेव्हा त्याच्या हात न लावलेल्या पंखावर मधला पांढरा डाग आणि लाल चंद्रकोरी जशाच्या तशा असतात. टोचलेल्या पंखावर मात्र नरासारखी पांढुरक्या ठिपक्यांची आडवी ओळ उमटू लागलेली असते. प्राणी एकच, अन्न आणि हवामान तेच, इतर सगळी जनुके तीच, आणि दोन पंखांवर दोन माद्या. यापेक्षा स्वच्छ पुरावा मागायचा तरी कसा?

त्याच चमूने या भागाचा संपूर्ण क्रमही वाचला. नकली रूपाच्या गुणसूत्रात डबलसेक्सभोवतालचा डीएनएच्या सुमारे 1,30,000 अक्षरांचा तुकडा उलटा बसलेला आहे. अंडी आणि शुक्रपेशी तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, पण एका गुणसूत्रावर तुकडा सुलट आणि दुसऱ्यावर उलट असेल, तर तिथे ही अदलाबदल नीट होत नाही. परिणामी तो तुकडा पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहतो. दोन्ही रूपांची अक्षरे शेजारी ठेवली, तर तुकड्याच्या बाहेर ती जवळजवळ सारखी आहेत आणि आत शिरताच फरकांची गर्दी होते. इतके फरक एका दिवसात साचत नाहीत.

मला या गर्दीत एका जुन्या वादाचे उत्तर दिसते. फ्रायरच्या नोंदी हाती आल्यावर केंब्रिजच्या रेजिनल्ड पनेट यांनी 1915 मध्ये असे म्हटले की एका जनुकाने एवढा फरक पडत असेल, तर नक्कल एकाच उडीत अवतरली असली पाहिजे, आणि डार्विनच्या हळूहळू होणाऱ्या उत्क्रांतीची इथे गरज नाही. संख्याशास्त्रज्ञ आणि आनुवंशिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी याला कडाडून विरोध केला: कळ एक असली तरी त्या कळीने जे चालू होते ते लहान लहान सुधारणांतून घडलेले असू शकते. आज आपण एका जनुकाविषयी बोलतो आहोत, त्या अर्थी पनेट यांचे निरीक्षण खरे होते. पण त्या एका जनुकाच्या आत शेकडो बदल साठलेले आहेत, त्या अर्थी निष्कर्ष फिशर यांचा खरा ठरला. वर्तमानपत्रांत 'नकलेचे जनुक सापडले' असे मथळे येतात तेव्हा ही बाजू हरवते, याचे मला वाईट वाटते. डबलसेक्समध्ये लाल रंग साठवलेला नाही. कोषातल्या पंखात ते डब्ल्यूएनटी-1 आणि डब्ल्यूएनटी-6 यांसारखी, शरीराच्या घडणीत सर्वत्र वापरली जाणारी जनुके नव्या जागी चालू करते, आणि प्रत्यक्ष रंगद्रव्ये त्यांच्याही पुढच्या टप्प्यावर तयार होतात.

रंगद्रव्यांचा हा टप्पा स्वतःच मोठा सूक्ष्म आहे. सायरस मादीच्या आणि नराच्या पंखांवरील पांढुरके ठिपके आपल्याला स्टिचियसच्या पांढऱ्या डागासारखेच वाटतात. अतिनील प्रकाशात पाहिले तर नराचे आणि सायरसचे ठिपके ते किरण शोषून स्वतः चमकतात. स्टिचियसचा डाग चमकत नाही, तो ते किरण परावर्तित करतो, आणि कॉमन रोझचा डागही तसेच करतो. अनेक पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो. म्हणजे माणसाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रंगाचीही नक्कल झालेली आहे, आणि तीही याच जनुकाच्या ताब्यात आहे, असे फुजिवारा यांच्याच चमूने 2021 मध्ये दाखवले.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. उलटलेल्या तुकड्याच्या कडेला असलेल्या यूएक्सटी नावाच्या शेजारी जनुकाचाही नक्षीत हात आहे, असे अलीकडच्या प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे अनेक जनुकांच्या संचाची जुनी कल्पना अगदीच मोडीत निघालेली नाही. इंग्लंडच्या काळ्या पडलेल्या पेपर्ड मॉथ या पतंगाचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. तिथे 2016 मध्ये कॉर्टेक्स या जनुकात घुसलेला डीएनएचा एक तुकडा काळ्या रंगाचे कारण म्हणून जाहीर झाला. 2024 मध्ये मात्र अनेक फुलपाखरांवरील प्रयोगांतून असे पुढे आले की त्या भागातले खरे काम कॉर्टेक्सच्या प्रथिनाचे नसून शेजारून निघणाऱ्या, प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएचे आहे. पत्ता बरोबर होता, पण घरातला माणूस दुसराच निघाला.

वर उल्लेख केलेल्या पॅपिलिओ मेम्नॉनकडे पाहिले की डबलसेक्सची कथा आणखी रुंदावते. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉरमॉनचा हा अगदी जवळचा नातलग. ब्लू मॉरमॉनच्या माद्या अशी नक्कल करत नाहीत. मेम्नॉनच्या काही माद्या करतात, आणि तिथेही कारभार डबलसेक्सकडेच आहे. पण मेम्नॉनमध्ये तो तुकडा उलटलेला नाही, तरीही दोन्ही रूपे वेगळी टिकून आहेत. तेव्हा तुकडा उलटणे ही नकलेची पूर्वअट नव्हे, हे उघड होते.

या दोन जातींतला आणखी एक फरक कुणालाही साध्या डोळ्यांनी तपासता येतो. मेम्नॉनच्या नकली मादीत पंखांची नक्षी, मागच्या पंखांची शेपटी आणि पोटाचा रंग हे सगळे एकत्र बदलते. आपल्या मॉरमॉनमध्ये बदल पंखांवर थांबतो. कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ यांचे डोके आणि पोट लालभडक असते. स्टिचियस आणि रोम्युलस यांचे पंख कितीही हुबेहूब असले, तरी त्यांचे अंग नरासारखे काळेच राहते. घाणेरीच्या फुलांवर बसलेले लाल ठिपक्यांचे फुलपाखरू रोझ आहे की मॉरमॉन, हे ओळखण्याची आमची रीत हीच, आधी पंख सोडून अंगाकडे पाहायचे. त्याच कुळातल्या दोन जाती, तेच जनुक, आणि एका जातीत त्याची आज्ञा पोटापर्यंत पोहोचते तर दुसरीत पंखांच्या मुळाशीच थांबते. पक्षी दुरून फक्त पंख पाहत असल्यामुळे पुढच्या बदलाची निवड झालीच नाही, की मॉरमॉनच्या पोटात हे जनुक चालू करणारा बदल अजून घडलेलाच नाही, हे ठरवायचे असेल तर कोषातल्या पंखांइतक्याच बारकाईने कोषातले पोटही वाचावे लागेल.